सोसायटीचं दफ्तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडताना

डोंबिवलीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत दोन विंग आणि ४२ सदनिका आहेत, आणि मी तिची सचिव. कमिटीची मुदत पाच वर्षांची. ती संपली की दफ्तर पुढच्या कमिटीच्या ताब्यात द्यायचं असतं. आमचं दफ्तर आता निम्मं लोखंडी कपाटात आणि निम्मं एका एक्सेल फाइलमध्ये आहे. त्या फाइलमध्ये प्रत्येक सदनिकेपुढे शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत आणि नॉमिनेशन फॉर्म यांच्या लिंक आहेत. टिचकी मारली की स्कॅन केलेला कागद उघडतो. आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) आणि जे रजिस्टर (सभासदांची यादी) यासुद्धा त्यातच जोडलेल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी बसून हे सगळं उभं करायला मला दोन उन्हाळे लागले.

गेल्या वर्षी ऑडिटच्या वेळी फाइल आणि स्कॅनचं फोल्डर, दोन्ही पेनड्राइव्हवर घेऊन गेले. घरी पेनड्राइव्हवरूनच उघडून पाहिलं होतं, सगळं उघडत होतं. ऑडिटरांच्या लॅपटॉपवर मात्र एकही लिंक चालेना. प्रत्येक टिचकीला ‘कॅनॉट ओपन द स्पेसिफाइड फाइल’. “ताई, कागद घरीच राहिले वाटतं,” ते म्हणाले. कागद तर त्याच पेनड्राइव्हवर होते! चुकलं होतं ते लिंकमध्ये लिहिलेल्या पत्त्यात. ते कसं, आणि तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते सांगते.

लिंकमध्ये फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो, आणि तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे अगदी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता: डी:\सोसायटी\स्कॅन\ए-१०१\शेअर.पीडीएफ. दुसरा म्हणजे ज्या फाइलमध्ये लिंक आहे तिथून मोजलेला, सापेक्ष पत्ता: स्कॅन\ए-१०१\शेअर.पीडीएफ. दुसऱ्याचा अर्थ इतकाच, की मी जिथे आहे तिथलंच ‘स्कॅन’ नावाचं फोल्डर उघड. एक पायरी वर जायचं असेल तर सुरुवातीला दोन टिंबं आणि तिरपी रेघ द्यायची: ..\इतिवृत्त\. (मी इथे देवनागरीत लिहिते आहे, कॉम्प्युटरवर ही नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

माझी मुख्य फाइल होती डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि स्कॅन डी ड्राइव्हवर. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये सापेक्ष पत्ता बनूच शकत नाही, म्हणून प्रत्येक लिंकमध्ये डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता बसला. घरी पेनड्राइव्हवरची फाइल उघडली तरी लिंक गुपचूप डी ड्राइव्हवरचाच कागद उघडत होती. ऑडिटरांच्या डी ड्राइव्हवर त्यांचं काम होतं, माझे कागद नव्हते. घरी केलेली ती चाचणी चाचणीच नव्हती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

म्हणून लिंक करायच्या आधी फोल्डर लावा. एकच मोठं फोल्डर करा, त्याला ‘दफ्तर’ म्हणा. मुख्य एक्सेल फाइल आणि सभांच्या इतिवृत्ताची वर्ड फाइल थेट त्यातच ठेवा. त्याच्या आत ‘स्कॅन’, आणि ‘स्कॅन’च्या आत प्रत्येक सदनिकेचं एक फोल्डर. प्रत्येक फोल्डरमध्ये कागदांची नावं अगदी सारखी ठेवा: शेअर, खरेदीखत, नॉमिनेशन. ‘शेअर नवीन फायनल २’ असली नावं पुढच्या सचिवाला छळतात. नावं आखूड ठेवा, कारण एक्सेल फाइलच्या नावासकट तिचा पूर्ण पत्ता २१८ अक्षरांच्या वर गेला की एक्सेल कुरकुरतं. फाइलच्या नावात हॅशचं चिन्ह (#) नको. लिंकमध्ये त्या चिन्हाचा अर्थ ‘इथपर्यंत फाइल, पुढे तिच्यातली जागा’ असा होतो, त्यामुळे पत्ता मध्येच तुटतो. फ्लॅट नंबर लिहिताना हे चिन्ह वापरायची सवय अनेकांना असते, तेव्हा जपून. आणि लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सगळीकडे एकसारखी ठेवा. विंडोजला फरक पडत नाही, पण लिनक्सवर ‘स्कॅन’ मोठ्या अक्षराने आणि लहान अक्षराने लिहिलेलं ही दोन वेगळी फोल्डरं धरली जातात.

आता एक्सेल. कंट्रोल आणि के दाबून लिंक घालता येते. फाइल आधी सेव्ह केलेली असेल आणि कागद त्याच ड्राइव्हवर असेल, तर पत्ता सहसा सापेक्षच बसतो. तरी माझा सल्ला, दफ्तरासाठी हा रस्ता नको. अशा लिंकचे पत्ते सेव्ह करताना एक्सेल स्वतः नव्याने लिहितं. वीज गेल्यावर रिकव्हर झालेली प्रत सेव्ह केली, तर पत्त्यात ‘अ‍ॅपडेटा’ वगैरे भलतीच फोल्डरं शिरलेली दिसू शकतात. ‘सेव्ह अ‍ॅज’ने फाइल दुसरीकडे ठेवली, तर लिंक जुन्या जागेकडेच बोट दाखवत राहावी असा पत्ता बदलला जातो.

त्यापेक्षा फॉर्म्युला वापरा. फॉर्म्युल्यातला मजकूर एक्सेल बदलत नाही. पहिल्या स्तंभात सदनिका क्रमांक असेल तर दुसऱ्या ओळीत असं लिहायचं (हेही इंग्रजी अक्षरांत, हायपरलिंक म्हणजे HYPERLINK):

=हायपरलिंक("स्कॅन\"&ए२&"\शेअर.पीडीएफ","शेअर")

एकदा लिहिलं की खाली ४३ व्या ओळीपर्यंत ओढायचं. प्रत्येक ओळीत पत्ता आपोआप त्या सदनिकेचा होतो. खरेदीखत आणि नॉमिनेशनसाठी शेजारच्या स्तंभांत फक्त फाइलचं नाव बदलायचं. दोन उन्हाळ्यांत केलेल्या लिंक मी अशा एका दुपारी नव्याने केल्या, जुने स्तंभ पुसले. काही घरांचे सगळे कागद आलेले नसतातच. तिथे मृत लिंक ठेवू नका. प्रत्येक कागदासाठी ‘आला का?’ असा एक स्तंभ करा, आणि त्यात ‘आहे’ लिहिलं तरच लिंक दिसेल असं ‘इफ’ (IF) लावा. शेअरसाठी तो स्तंभ ई असेल तर:

=इफ(ई२="आहे",हायपरलिंक("स्कॅन\"&ए२&"\शेअर.पीडीएफ","शेअर"),"")

यामुळे रिकामी चौकट पाहूनच कोणाच्या घरी निरोप द्यायचा ते कळतं. एखादी लिंक विनाकारण उघडत नसेल तर सदनिका क्रमांकाच्या पुढे-मागे मोकळी जागा टाइप झाली आहे का ते बघा. आमच्या बी-३०४ ने मला अर्धा तास असाच घेतला.

आणखी एक जागा तपासा. फाइल, इन्फो, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज, आणि तिथे समरी टॅबमध्ये ‘हायपरलिंक बेस’ अशी चौकट असते. ती रिकामी हवी. तिथे कोणी काही भरलेलं असेल तर सगळे सापेक्ष पत्ते तिथून मोजले जातात आणि तुम्ही लिंक कितीही नीट लिहा, काही उपयोग होत नाही. वर्डमध्येही ही चौकट आहे.

वर्डमध्ये मात्र कंट्रोल-केनेच लिंक घाला, ते पुरतं. इतिवृत्ताची फाइल आधी ‘दफ्तर’मध्ये सेव्ह करा आणि मगच लिंक घाला. घातल्यावर एडिट हायपरलिंक उघडून पत्त्याची चौकट वाचा. तिथे ‘स्कॅन’पासून सुरुवात दिसली तर काम झालं. लिंकवर माउस नेल्यावर जी छोटी पट्टी येते तिच्यावर विसंबू नका, सापेक्ष पत्ता असला तरी ती पूर्ण पत्ताच दाखवते. जुन्या फाइलमध्ये पूर्ण पत्ते भरलेले असतील तर एकेक उघडत बसायची गरज नाही. ऑल्ट आणि एफ९ दाबा, लिंकच्या जागी तिचा आतला मजकूर दिसायला लागतो. त्यातला नको असलेला सुरुवातीचा भाग, सुरुवातीच्या अवतरणचिन्हानंतरपासून ‘स्कॅन’च्या आधीपर्यंत, जसाच्या तसा कॉपी करा. तिरप्या रेघा तिथे दुहेरी दिसतील, तशाच राहू द्या. कंट्रोल-एचमध्ये शोधायच्या चौकटीत तो भाग चिकटवा, बदलायची चौकट रिकामी ठेवा, रिप्लेस ऑल करा, आणि पुन्हा ऑल्ट-एफ९. हे आधी फाइलच्या प्रतीवर करून पाहा.

चित्रांचं वेगळं. सभेच्या नोटिशीत सोसायटीचं बोधचिन्ह किंवा गच्चीच्या गळतीचे फोटो असतील तर ते लिंकने जोडू नका, नेहमीसारखे आतच घाला. फाइल थोडी जड होते, एवढंच. लिंकने जोडलेल्या चित्राचा पूर्ण पत्ता साठवला जातो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या जागी रिकामी चौकट येते.

आमचे खजिनदार काका लिबरऑफिस वापरतात, ते फुकट आहे म्हणून. तिथे टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल असं गेलं की ‘सेव्ह यूआरएल्स रिलेटिव्ह टू फाइल सिस्टिम’ अशी खूण असते. ती असू द्या. इथेही माउस नेल्यावर पूर्ण पत्ताच दिसतो. काका त्यावरून दोनदा घाबरले होते. इतिवृत्ताची पीडीएफ करायची असेल तर एक्सपोर्टच्या खिडकीत लिंक्स टॅबवर सापेक्ष पत्ते ठेवण्याची वेगळी खूण आहे, ती स्वतः लावावी लागते.

दुसऱ्याकडे देताना ‘दफ्तर’ हे फोल्डर आख्खं द्या, आणि फाइल एक्सप्लोररमधून कॉपी करून. ईमेलने पाठवायचं तर झिप करून पाठवा, पण पत्रात स्पष्ट लिहा: आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मग फाइल उघडा. झिपच्या आतूनच एक्सेल उघडलं तर विंडोज ती एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं. शेजारी ‘स्कॅन’ नसतंच, लिंक उघडणार कशी? मोबाइलवर सापेक्ष पत्त्यांवर भरवसा ठेवू नका. एखाद्या सभासदाला एकच कागद हवा असेल तर तो कागदच पाठवा. गूगल ड्राइव्हवर टाकून ‘लिंक असेल त्या कोणालाही’ अशी परवानगी देण्याचा मोह मला अजिबात पटत नाही. खरेदीखतात लोकांचे पॅन क्रमांक असतात, नॉमिनेशनमध्ये घरची नाती असतात. सभासदांनी ते सोसायटीवर विश्वासाने सोपवलेलं असतं.

आणि आता खरी चाचणी. ‘दफ्तर’ पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग घरच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरचं नाव थोडा वेळ बदला, ‘दफ्तर’चं ‘दफ्तर-झाकलं’ करा. आता पेनड्राइव्हवरची फाइल उघडा. एखाद्या लिंकमध्ये जुना पत्ता लपला असेल तर ती इथे उघडी पडते, कारण तिला परत जायला जुनं घरच सापडत नाही. प्रत्येक स्तंभातली पहिली, मधली आणि शेवटची लिंक उघडून बघा. मग मूळ नाव परत द्या आणि शेजारच्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर एकदा पुन्हा तपासा. मी आमच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर पाहिलं. तिथे पेनड्राइव्हला वेगळंच अक्षर मिळालं होतं, तरी १२६ च्या १२६ लिंक उघडल्या.

यंदा ऑडिटला गेले तेव्हा ऑडिटरांनी स्वतःच बी-३०४ चं शेअर सर्टिफिकेट मागितलं, टिचकी मारली, पाहिलं आणि पुढच्या सदनिकेकडे वळले. ‘दफ्तर’मध्ये मी ‘आधी हे वाचा’ नावाची एक छोटी फाइल ठेवली आहे. त्यात नव्या सचिवासाठी चार ओळी आहेत: हे फोल्डर फोडू नका. आतल्या फोल्डरांची नावं बदलू नका. सदनिका विकली गेली तर जुने कागद त्याच फोल्डरमध्ये ‘जुने’ करून ठेवा, पुसू नका. आणि नवा कागद आला की तो आधी योग्य नावाने फोल्डरमध्ये ठेवा, मग एक्सेलमध्ये ‘आहे’ लिहा.