बारा स्पिनांच्या साखळीत तापमान कसे शोधावे

बाह्य जगापासून पूर्णपणे अलग असलेली पुंज-प्रणाली (क्वांटम नियमांनी चालणारी प्रणाली) श्रोडिंगर समीकरणानुसार बदलत राहते आणि तिच्या आरंभीच्या अवस्थेतला एकही तपशील कधी पुसला जात नाही; मग तिच्यात तापमान येते कुठून? जॉन फॉन नॉयमन यांनी १९२९ मध्येच हा प्रश्न हाती घेतला होता. डॉइच (१९९१) आणि स्रेडनिकी (१९९४) यांनी मांडलेले उत्तर असे, की पुरेशा गुंतागुंतीच्या प्रणालीची प्रत्येक ऊर्जा-आयगेनअवस्था (निश्चित ऊर्जेची अवस्था), स्थानिक मोजमापांपुरती, स्वतःच औष्णिक असते, म्हणजे ठरावीक तापमानाच्या समतोलासारखी दिसते. हे गृहीतक नुसते वाचून सोडू नये, स्वतः आकडेमोड करून पडताळावे, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी १२ स्पिनांची (सूक्ष्म चुंबकांसारख्या पुंज-घटकांची), टोके मोकळी असलेली आयझिंग साखळी घ्यावी, म्हणजे जिच्यात प्रत्येक स्पिन फक्त शेजाऱ्याशी जोडलेला असतो. शेजाऱ्यांमधील झेड-झेड जोडणी १, एक्स-दिशेचे क्षेत्र ०.९०४५ आणि झेड-दिशेचे ०.८०९० ठेवावे. तिच्या हॅमिल्टोनियनची (ऊर्जेच्या गणिती रूपाची) ४०९६ × ४०९६ आकाराची मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत सुमारे १३४ मेगाबाइट जागा घेते. साध्या लॅपटॉपला ती झेपते.

साखळी डावी-उजवी उलटवली तरी हॅमिल्टोनियन बदलत नाही, म्हणून विकर्णीकरणापूर्वी, म्हणजे मॅट्रिक्समधून ऊर्जा-स्तर काढण्यापूर्वी, अवस्थांचे सम (२०८०) आणि विषम (२०१६) असे दोन गट वेगळे करावेत. नंतर एकाच गटातल्या, वर्णपटाच्या मधल्या निम्म्या स्तरांसाठी लागोपाठच्या दोन अंतरांपैकी लहान अंतराला मोठ्याने भागून सरासरी काढावी. ती ०.५३ च्या आसपास आली, तर स्तर एकमेकांना दूर लोटत आहेत, आणि ही केऑटिक (गुंतागुंतीच्या) प्रणालीची खूण आहे. गट वेगळे करायचे राहिले, तर ती ०.४२ च्या जवळ येते, कारण भिन्न गटांतल्या स्तरांना एकमेकांची दखलच नसते. आणि मग प्रणाली केऑटिक नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता मधल्या स्पिनाचे एक-एक आयगेनअवस्थेतले एक्स-मूल्य ऊर्जेसमोर मांडावे. ८, १० आणि १२ स्पिनांचे आलेख शेजारी ठेवले, की बिंदूंचा पट्टा अरुंद होत जाताना दिसतो, आणि गृहीतकाचा खरा आधार या अरुंद होण्यातच आहे.

शेवटी सर्व स्पिन वाय-दिशेला वळवून काळ पुढे न्यावा. या अवस्थेची सरासरी ऊर्जा शून्य, म्हणजे सर्व स्तरांच्या सरासरीइतकीच, म्हणून तापमान अनंत. त्यामुळे मधल्या दोन स्पिनांच्या वाय-घटकांचा गुणाकार १ पासून उतरून शून्याजवळ स्थिरावायला हवा. लहान साखळीत तो थोडा हेलकावत राहतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

मग झेड-क्षेत्र शून्य करून हेच सारे पुन्हा करावे. जॉर्डन-विग्नर रूपांतराने ही साखळी मुक्त फर्मिऑनांची (एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या कणांची) बनते, अक्षय राशी (काळानुसार न बदलणाऱ्या राशी) अनेक होतात, स्तरांमधले प्रतिकर्षण नाहीसे होते आणि बिंदूंचा पट्टा पूर्वीसारखा झपाट्याने आक्रसत नाही. २००६ मध्ये एकमितीय नळ्यांत कोंडलेले रुबिडियमचे अणू हजारो टकरींनंतरही औष्णिक समतोलाला आले नाहीत, त्यामागेही अशाच अक्षय राशी होत्या.