बिथरलेल्या सुपरहिरोची ताकद मोजायची कशी: लॉगशीटवाल्या मामाची पद्धत

"मामा, सेन्ट्री म्हणजे अख्ख्या अव्हेंजर्सले एकटा भारी. मार्व्हलच्या 'थंडरबोल्ट्स' पिक्चरमध्येच सांगितलं ना."

रविवारची सकाळ, नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळचा ठेला, प्लेटीत पोहे, त्यावर चण्याची तर्री. भाचा मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो, वय २६. हा विषय निघाला की त्याचे पोहे गार होतात.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"व्हॅलेंटिनानं."

"म्हणजे जिनं तो माल बनवून घेतला तिनंच. मशीन विकणारा आपल्या मशीनबद्दल दुसरं काय सांगणार बे?"

त्या वादातून ही पद्धत निघाली. मी ३१ वर्षं औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे युनिट, म्हणजे वीज बनवणारा एक संच, 'पॉवरफुल' आहे असं कोणी म्हणत नाही. किती मेगावॉटवर चालून राहिलं, केव्हापासून चालून राहिलं आणि ट्रिप झाल्यावर, म्हणजे झटक्यात बंद पडल्यावर, काय झालं, एवढंच विचारतात. डोकं ठिकाणावर नसलेल्या सुपरहिरोलाही हेच तीन प्रश्न लावायचे. 'थंडरबोल्ट्स' अजून पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे मी सगळं फोडलं आहे.

सामान फार लागत नाही. एक वही, एक पेन आणि मागे-पुढे करता येईल असा पडदा. थिएटरात हे जमत नाही. आम्ही २०२५ च्या मे महिन्यात आधी थिएटरात पाहिला, तेव्हा मी नुसता एसीची हवा खात बसलो होतो. नोंदी घरी केल्या. वहीत पाच रकाने आखा: वेळ, काय केलं, कोणावर केलं, किती वेळ टिकलं, नंतर काय झालं. पात्रं एकमेकांबद्दल जे बोलतात ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, रकान्यात नाही. पहिल्यांदा पाहताना आवाज बंद ठेवा. संगीत बंद झालं की निम्मी ताकद तिथेच गळते, हे तुम्हालाच दिसेल.

आता नेमप्लेट. प्रत्येक यंत्रावर एक पाटी असते, तिच्यावर कंपनीनं दिलेला आकडा असतो. सेन्ट्रीची पाटी कॉमिक्सात लागली. पॉल जेन्किन्स आणि जे ली यांनी २००० साली त्याला छापील पानावर आणलं, तेव्हा मार्व्हलनं हा स्टॅन ली यांचा विसरला गेलेला जुना हिरो आहे अशी थाप मारून जाहिरात केली होती. म्हणजे गड्याचा जन्मच थापेतून. पाटीवर काय? दहा लाख फुटणाऱ्या सूर्यांची ताकद.

मी पेन घेऊन बसलो. आपला एक सूर्य, न फुटता, नुसता तळपत एका सेकंदात जेवढी ऊर्जा सोडतो, तेवढी तयार करायला कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या तिन्ही युनिटांना फुल लोडवर, एकदाही बंद न पडता, सुमारे ६०० कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. हे झालं एका सूर्याचं एका सेकंदाचं. असा माणूस न्यूयॉर्कमध्ये कोणावर हात उगारतो आणि इमारतीचा फक्त एक मजला फुटतो, तेव्हा पाटी बाजूला ठेवायची आणि मीटर पाहायचा.

कॉमिक्सची नोंद वेगळ्या वहीत करा. तिथे सेन्ट्रीनं कार्नेज या खलनायकाला अंतराळात नेऊन उभा फाडला, २०१० च्या सुमाराला युद्धाचा देव एरिस यालाही तसाच फाडला, आणि त्याआधी २००७ मध्ये हल्कशी भिडून दोघंही थकून माणसं होईपर्यंत लढला. भाचा हे सगळं पडद्यावरच्या सेन्ट्रीच्या खात्यात जमा करत होता. एका युनिटचं जनरेशन दुसऱ्याच्या लॉगशीटवर, म्हणजे तासातासाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं तर आमच्याकडे मेमो मिळायचा.

पडद्यावरचा माणूस म्हणजे बॉब रेनॉल्ड्स, लुईस पुलमननं केलेला. मलेशियातल्या एका औषध-चाचणीतून बाहेर पडलेला, मेथच्या व्यसनात बुडालेला, स्वतःबद्दल कवडीची किंमत नसलेला पोरगा. त्याच्या माझ्या वहीतल्या नोंदी अशा.

वाळवंट. सैनिक गोळ्यांचा पाऊस पाडतात, तो पडतो, उठतो, अंगावर ओरखडा नाही. मग सरळ आकाशात उडतो आणि दगडासारखा खाली कोसळतो. पहिली गोष्ट सहनशक्तीची, ती पक्की. दुसरी उडण्याची, ती बेभरवशाची. नवीन युनिट पहिल्यांदा चालू करताना असंच होतं. प्रेशर चढतं, पण धरून ठेवता येत नाही. भाच्यानं 'उडतो' असं लिहिलं होतं. मी 'उडतो आणि पडतो' असं खोडून लिहिलं.

टॉवर. सोन्याचा सूट, पिवळे केस. इथे खरी मारामारी आहे आणि इथेच लोक जास्त फसतात. त्यानं थंडरबोल्ट्स टोळीतल्या जॉन वॉकरची ढाल पोळीसारखी दुमडली. भाचा लगेच म्हणाला, व्हायब्रेनियम, म्हणजे मार्व्हलच्या जगातला तो महामजबूत धातू, दुमडलं! अरे, व्हायब्रेनियमची खरी ढाल कॅप्टन अमेरिका झालेल्या सॅम विल्सनकडे आहे, ही वॉकरची आहे. मग त्याच टोळीतल्या बकीचा धातूचा हात. तो वकांडा या काल्पनिक देशात बनलेला, खरा व्हायब्रेनियमचा. पण तो खांद्यापासून निघाला, हात तुटला नाही. आणि हा हात खांद्यापासून काढता येतो हे २०२१ च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' मालिकेत वकांडाच्या डोरा मिलाजे या रक्षक तुकडीतल्या आयोनं दोन बोटांनी दाखवलं होतं. म्हणून नोंद करताना समोरच्या वस्तूचं वजन आधी माहीत पाहिजे. वजनकाटा तपासल्याशिवाय माल मोजायचा नाही, हे तर कळमन्याच्या संत्रा बाजारातलं पोरगंही सांगेल.

मग कोण होतं समोर? ताकद वाढवणारं सुपरसोल्जर सीरम घेतलेले तिघे: वॉकर, बकी, अलेक्सी. अधिक येलेना आणि भिंतीतून जाणारी अ‍ॅव्हा. हल्क नाही, थॉर नाही, कॅप्टन मार्व्हल नाही. या पिक्चरमध्ये या तिघांपैकी कोणाशीही सेन्ट्रीची गाठ पडलेली नाही. म्हणून सिद्ध काय झालं? तीन सुपरसोल्जर एकत्र आले तरी त्याला घाम फुटत नाही, एवढंच. ही किमान मर्यादा आहे. वहीत 'किमान एवढा' असा शिक्का मारा आणि कमाल रकाना कोरा सोडा. कोरा रकाना पाहून भाच्याचा जीव कासावीस होतो, पण रिकाम्या जागी अंदाज भरणं ही लॉगशीटमधली सगळ्यात मोठी चोरी.

अजून एक पाहा. त्यानं त्यांच्यातल्या कोणालाही ठार मारलं नाही. म्हणजे हात राखून होता. 'मनात आणलं असतं तर' हा हिशोब मी धरत नाही, पण पार्ट लोडवर, म्हणजे क्षमतेपेक्षा कमी भारावर, चालणारं युनिट आणि तेवढीच क्षमता असलेलं युनिट यांत फरक असतो, म्हणून समोर एक खूण करून ठेवतो.

आता बिथरलेपण, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. लोकांना वाटतं हिरो जेवढा बिथरलेला तेवढा ताकदवान. हल्कमुळे ही सवय लागली. राग चढला की ताकद चढते, सोपं गणित. हात बसवायला हल्कच घ्या, कारण त्याची मापं पडद्यावर भरपूर आहेत. २०१२ मध्ये थॉरचा हातोडा त्याच्यानं हलला नाही, लोकीला मात्र त्यानं कपडे आपटावे तसा आपटला. २०१५ मध्ये वांडानं जादूनं डोकं फिरवल्यावर आयर्न मॅन टोनीनं त्याला शेवटी झोपवलं. २०१८ मध्ये थॅनोस या खलनायकानं धुतला. इतक्या नोंदी असल्या की एक पट्टा आखता येतो, खालून इथपर्यंत, वरून तिथपर्यंत. सेन्ट्रीचा असा पट्टा आखता येत नाही, कारण तो बिथरला की वर चढत नाही, तो वेगळाच माणूस होतो.

हे समजायला टर्बाइन समजून घ्या. आपल्याकडे ग्रिड ५० हर्ट्झवर चालतं, म्हणून मोठं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर बांधलेलं असतं. गावातले पंखे, कूलर, पिठाच्या गिरण्या हे सगळे त्याला मागे ओढून धरतात. अचानक हा लोड निघाला आणि वाफ मात्र आत येत राहिली, तर टर्बाइन शांत होत नाही, ते सुसाट सुटतं. सेकंदात. म्हणून लोड जाताच वाफेचे व्हॉल्व्ह आपटून बंद व्हायला पाहिजेत. वेग साधारण १० टक्के वर गेला की ओव्हरस्पीडची ट्रिप पडते. नुसता ब्रेकर, म्हणजे ग्रिडशी जोडणारा मोठा स्विच, पाडणं म्हणजे मशीन बंद करणं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

व्हॅलेंटिनाच्या लोकांना ते शिकवलं नव्हतं. सेन्ट्री ऐकेना म्हणून त्यांनी त्याला बंद करायचा किल स्विच दाबला. बॉब पडला. ब्रेकर पडला, वाफ चालूच. जो उठला तो व्हॉइड, काळी सावली, चेहरा नाही, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके.

व्हॉइडची नोंद त्याच रकान्यांत बसत नाही, नवं पान घ्या. तो बुक्की मारत नाही. तो बोट दाखवतो आणि माणसाच्या जागी रस्त्यावर फक्त काळा डाग उरतो. मग अंधार एकेक गल्ली गिळत जातो. इथे किती टन उचलले हे लिहिण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळ लिहा, वेग लिहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, परिणाम कायमचा होता का ते लिहा. नव्हता. माणसं आपापल्या आयुष्यातल्या सगळ्यात लाजिरवाण्या खोल्यांमध्ये अडकली होती, शेवटी परत आली. येलेना तर स्वतःच्या पायांनी अंधारात चालत गेली. ज्या ताकदीत कोणी चालत शिरून बाहेर येऊ शकतं, तिला 'सर्वशक्तिमान' लिहायला माझं पेन अडतं. भाच्यानं लिहिलं, मी खोडलं नाही. फक्त बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

शेवटची मोजणी: थांबला कसा? बॉब स्वतः त्या सावलीवर तुटून पडतो, बुक्क्यांवर बुक्क्या, आणि जेवढा मारतो तेवढा अंधार त्याच्याच अंगावर चढतो. ही या पिक्चरमधली सगळ्यात कामाची नोंद, ठळक लिहा. बाहेरून किंवा आतून ताकद लावली की हा वाढतो. त्याला सोडवलं ते बाकीच्यांनी धरून ठेवलं म्हणून. म्हणजे काढून घेतलेला लोड परत जोडला, असं मी म्हणतो. भाचा म्हणतो, मामा, ती मिठी होती, प्रत्येक गोष्टीत टर्बाइन काऊन आणता?

यानंतर आमचे आकडे असे पडले. पाटीवर: दहा लाख सूर्य. सिद्ध: तीन सुपरसोल्जर आणि अमाप गोळ्या. भरवशाची, म्हणजे उद्या सकाळी बोलावलं तर नक्की मिळेल अशी ताकद: शून्य. भाचा भडकला. मी त्याला शेवटचा तुकडा दाखवला, नामावलीनंतरचा, कथेत १४ महिन्यांनंतरचा. संकट आलेलं आहे, टीम जमलेली आहे आणि बॉब सांगतो की व्हॉइड झाल्याशिवाय मला सेन्ट्री होता येत नाही, पण भांडी मात्र मी घासून ठेवली.

मोठं टर्बाइन बंद केल्यावर एकदम थांबवत नाहीत. गरम शाफ्ट एका जागी राहिला तर स्वतःच्याच वजनानं वाकतो, म्हणून बॅरिंग गिअर लावून त्याला तासन् तास सावकाश फिरवत ठेवतात. वीज एक युनिट मिळत नाही. पण शिफ्टवाला दर तासाला लॉगशीटवर लिहितो: बॅरिंग चालू.

बॉबच्या शेवटच्या रकान्यात मी तेच लिहिलं आहे. भाच्यानं त्याच्याखाली कंसात 'भांडी' लिहिलं.