कमी वजनाच्या बाळाला छातीशी कसं धरायचं

बाळाला फक्त लंगोट, टोपरं आणि पायमोजे. आईचा गाऊन पुढून उघडा. दोन्ही स्तनांच्या मध्ये बाळ उभं धरा, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, गाल एका बाजूला. सुती ओढणीची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी बांधा. पोटावर आवळू नका, श्वासाला पोट हलायला जागा हवी.

सगळ्यात जास्त चुकतं ते मानेचं. हनुवटी छातीला टेकली की कोवळी श्वासनलिका दबते. फार मागे गेली तरी तेच. मान किंचित वर हवी, नाक-तोंड सतत दिसायला हवं. आईने सपाट न झोपता टेकून बसावं. ओठ निळसर दिसले किंवा श्वास थांबला तर लगेच नर्सला हाक मारा.

एका वेळी तासाभराहून कमी ठेवू नका. सारखी उचल-ठेव बाळाला सोसत नाही. दिवसभरात 8 ते 24 तास, जितकं जास्त तितकं बरं. आई दमली की बाबा, आजी, मावशी कुणीही धरावं.

पूर्वी आधी बाळाची तब्येत स्थिर होऊ द्यायची आणि मगच असं छातीशी धरायची पद्धत होती. भारतासह 5 देशांतल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं धरलं, तेव्हा 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी घटले.