बारा फटींचा झोएट्रोप: डब्यात धोटा पळवायचा तर

झोएट्रोप म्हणजे फटी पाडलेला गोल डबा: तो फिरवून फटींतून बघितलं की आत लावलेली चित्रं हलताना दिसतात. आपण त्यात धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा भाग, पळवणार आहोत. झोएट्रोपमध्ये चित्र हलवतो तो दोन फटींमधला काळा पुठ्ठा. डबा फिरताना तो डोळ्यासमोर आला की दृश्य तुटतं, तेवढ्यात पुढचं चित्र आधीच्या जागी येऊन बसतं आणि मेंदू दोन्ही सांधतो. पुढे कॅमेऱ्यात आणि प्रोजेक्टरमध्ये शटरने हेच काम केलं. म्हणून फटींचं अंतर काटेकोर ठेवा, बाकीचं एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर निभतं.

बेल्जियमच्या प्लातोने १८३२मध्ये फटींची तबकडी केली, पण ती आरशासमोर धरून एकट्यानेच बघावी लागे. १८३४मध्ये इंग्लंडच्या विल्यम हॉर्नरने चित्रं गोल डब्याच्या आत लावली आणि चौघांना एकदम बघायची सोय झाली. आपण बांधतोय तो हाच डबा.

सामान थोडकं आहे: २८ × २२ इंची काळ्या कार्डशीटचा एक ताव, १२ मिमी प्लायवूड, ८ मिमीचा ४० मिमी लांब बोल्ट, दोन नट, दोन वॉशर आणि ६०८ नंबरचं बेअरिंग. या बेअरिंगचं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी आणि जाडी ७ मिमी असते. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात आधी विचारून बघा.

प्लायवर ११.४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कापा. कंपासाची टोचणी जिथे टेकली तिथेच २२ मिमीचं भोक पाडा. भोक जरा बाजूला गेलं तर डबा लंगडत फिरतो आणि चित्र थरथरतं. बेअरिंग खालच्या बाजूने पृष्ठभागाशी समपातळीत ठोकून बसवा. दुसऱ्या फळीतून बोल्ट खालून वर काढा, नटाने आवळा, मग वॉशर, त्यावर बेअरिंगसह चकती, पुन्हा वॉशर आणि नट. वॉशर बेअरिंगच्या आतल्या कड्यालाच टेकला पाहिजे. तो बाहेरच्या कड्याला घासला की डबा दोन फेऱ्यांत थांबतो, आणि लोक उगाच बेअरिंगला दोष देतात. बोल्टच्या डोक्यामुळे फळी डुगडुगते, म्हणून चारही कोपऱ्यांना रबरी बूट लावा.

आता भिंत. चकतीचा परीघ ७२ सेंमीच्या आसपास आणि ताव ७१ सेंमीचा, त्यामुळे ३८ × १९ सेंमीच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीत ३६ सेंमी कामाचे, उरलेले २ सेंमी जोडाचे. फटींच्या मध्यरेषा ३, ९, १५, २१, २७ आणि ३३ सेंमीवर आखा. असं केलं की जोड दोन फटींच्या बरोबर मधोमध येतो. फट खालून १० ते १७ सेंमीपर्यंत, रुंदी ४ मिमी. ३ मिमी ठेवली तर चित्र रेखीव पण अंधारं, ६ केली तर उजळ पण पुसट. खालचे सव्वा सेंमी फेविकॉलने प्लायच्या कडेला चिकटवा.

चित्रपट्टी पांढऱ्या कागदाची, ७२ सेंमी लांब आणि ८ सेंमी उंच. ती आधी डब्यात घालून बघा, ३-४ मिमी जास्त भरेल. जादा कापून उरलेल्या लांबीचे बारा समान भाग पाडा. चित्रं अकरा किंवा तेरा झाली तर ती जागेवर न थांबता एका बाजूला सरकत राहतात.

धोट्याचं चित्र इथे उत्तम बसतं, कारण तो जातो आणि परत येतो. चौकट १ आणि २मध्ये धोटा डाव्या टोकाला ठेवा. ३ ते ७मध्ये दर चौकटीला ६ मिमी उजवीकडे न्या, ८मध्ये तिथेच थांबवा आणि ९ ते १२मध्ये तसाच मागे आणा. २ आणि ८मध्ये फणी (सूत ठोकून बसवणारी कंगव्यासारखी पट्टी) पुढे आलेली काढा, कारण माग बाणा, म्हणजे आडवं सूत, ठोकतो तो धोटा टोकाला गेल्यावरच. हा छोटा थांबा वगळला तर चित्रात माग राहत नाही, नुसती सरकती काडी दिसते.

जवळची फट आणि समोरचं चित्र उलट दिशांना पळतात, त्यामुळे चित्र आडवं आवळलेलं दिसतं. एक फुटावरून पाहिलं तर रुंदी सुमारे दोन तृतीयांश उरते. म्हणून ३ सेंमी उंच चाक गोल दिसायला हवं असेल तर ते साडेचार सेंमी रुंद काढा.

सेकंदाला एक फेरी म्हणजे बारा चित्रं. त्याहून बरंच हळू फिरवलं तर झटके दिसतात. प्रकाश वरून, डब्याच्या आत पडू द्या. स्वस्त एलईडी दिवा विजेबरोबर लुकलुकतो आणि चित्रावर पट्टे उमटतात, त्यापेक्षा खिडकीचा उजेड किंवा बॅटरी बरी.

दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र करण्याआधी भांडवल मिळवायला वाटाण्याचं रोप रोज थोडंथोडं टिपून वाढताना दाखवलं होतं. तो प्रयोग ज्वारीवर करून बघण्यासारखा आहे. कुंडीत दाणे पेरा, फोन एकाच जागी ठेवून एक दिवसाआड सात फोटो घ्या. बारा वेगवेगळे लावले तर शेवटानंतर रोप एकदम मातीत गडप होतं, म्हणून पहिले सात सरळ क्रमाने आणि मग सहा ते दोन उलटे चिकटवा.