जुन्या गाडीसाठी भंगारातला पत्रा: नाशकात कुठे शोधायचा, कसा पारखायचा

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरचा फ्लोअर गंजून भोकं पडली की डेंटर लांबी (पुट्टी) भरून द्यायला तयारच असतो. नको म्हणा. लांबीखाली ओल धरते आणि पावसाळा संपेस्तोवर रंगाला फोड येतात. कुजलेला भाग कापून तिथे पत्राच वेल्ड करायला हवा.

आधी माप घ्या. चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज कापत जा. कडेचा रंग घासून काढा आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, कारण रंगाच्या थरामुळे माप फसतं. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, २२ गेज ०.७ च्या आसपास. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं हवं. जाड-पातळ जोडले तर पातळ बाजू आधी जळून भोक पडतं. मग पुठ्ठ्याचा फर्मा कापा आणि तो घेऊनच बाहेर पडा.

सपाट ठिगळासाठी भंगारवाल्याकडे जाण्याआधी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे विचारा. कपाटं, पॅनेल बोर्ड बनवणाऱ्यांकडे सीआरसीए (थंड लाटून नरम केलेल्या) पत्र्याचे कटपीस पडलेले असतात: कोरे, गंज नसलेले. माझ्या मते याहून चांगला माल नाही. मात्र पॅनेलचा पत्रा बऱ्याचदा १.६ ते २ मिमी असतो, तो बॉडीला चालत नाही. थेट मालकाशी बोला, भाव किलोवर ठरतो.

गोलाई हवी असेल, उदाहरणार्थ चाकावरच्या कमानीला, तर मोडीत निघालेल्या गाडीचं फेंडर किंवा टप बघा. तयार वळण मिळालं की हातोडीचं निम्मं काम वाचतं. नव्या गाड्यांचे खांब घेऊ नका. तो पत्रा कडक असतो, ठोकला तरी परत उसळतो. जुनं लोखंडी कपाटही चालतं. दिसायला दणकट, पण पत्रा बहुधा २०-२२ गेजचाच.

पारख अशी करा. चुंबक चिकटतो का बघा. पकडीने एक कोपरा काटकोनात वाकवून परत सरळ करा. चीर गेली तर सोडून द्या. उन्हाकडे धरून बघा, बारीक छिद्रांतून उजेड आला तर तो पत्रा आतून संपलाय. करड्या, चकाकत्या फुलांची नक्षी दिसली तर तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. घ्यायचाच असेल तर जोडाजवळचं जस्त दोन्ही बाजूंनी इंचभर घासा आणि काम मोकळ्या हवेत करा.

गाडीचा भाग घेतलात तर पावती मागा, माल चोरीचा नको. आणि स्वतःच्या गाडीच्या चेसिस नंबरावर कधीही ग्राइंडर फिरवू नका, आरटीओत उत्तर देता येणार नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, कार्पेट काढा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. उरलेल्या कटपीसवर करंट जुळवून घ्या. मग एकमेकांपासून लांब-लांब छोटे टाके मारा, एकदम सलग रेघ ओढली तर पत्रा लाटेसारखा वाकतो. ग्राइंड केल्यावर वरून झिंक प्रायमर मारा, आणि खालची बाजूही सोडू नका, कारण चाकाने उडणारा चिखल तिथेच बसतो.