मित्रांच्या भेटी मांडायला जुनं कपाट घेताय? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक दुकानातच होते. कपाट आवडतं म्हणून उचललं जातं आणि मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तू त्यात कशाबशा बसवल्या जातात. क्रम उलटा हवा. काय मांडायचं आहे ते टेबलावर मांडा आणि प्रत्येक वस्तू कशानं खराब होते ते ठरवा: विणलेला रुमाल उजेडानं, शंख लाकडाच्या वाफेनं, मातीची सुरई धक्क्यानं. त्यानंतरच कपाट शोधायला निघा.

बाहेरचं माप घेणं

जुन्या कपाटाची खोली बाहेरून ४० सेंमी भरली तरी दाराची जाडी, मागची फळी आणि आतल्या पट्ट्या वजा जाऊन ३२-३३ सेंमीच हाती उरू शकतात. स्टँडवर तिरकी ठेवलेली बशी बशीच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. म्हणून माप आतून घ्या, तेही दार उघडून आणि बिजागरीजवळ. वस्तूभोवती तीन-चार सेंमी मोकळी जागा धरा, नाहीतर एक काढताना दुसरी पडते. घराचं दार, जिना आणि वळण मोजायला विसरू नका. जुनी मोठी कपाटं बरेचदा वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगळे होतील अशी बांधलेली असतात. तसं आहे का, ते विक्रेत्याला आधी विचारा.

लाकडाच्या वाफेकडे दुर्लक्ष करणं

याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि नुकसान मात्र मोठं होतं. ओकच्या लाकडातून वर्षानुवर्षं अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघत राहते. लाकूड शंभर वर्षं जुनं झालं म्हणून ती थांबतेच असं नाही. बंद कपाटात ती कोंडते. शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती बुरशी नसते, क्षार असतात. पुसल्यावर त्या जागी शंखाची चकाकी गेलेली दिसते आणि ती परत येत नाही. शिशाच्या मूर्ती किंवा शिसं मिसळलेली जुनी भांडीही अशीच पांढरी पडतात.

जुन्या कपाटाला मागाहून प्लायवूडची पाठ किंवा एमडीएफची (लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेली) फळी लावलेली असेल, तर त्यातल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू निघतो. चांदीचा शत्रू वेगळा, तो म्हणजे गंधकाची संयुगं. खणात अंथरलेलं लोकरी फेल्ट आणि काळं रबर ती सोडतात, म्हणून चांदीखाली ही दोन्ही नकोत.

फळीवर ऑइल पेंट मारून वाफ अडेल असं वाटतं, पण तो पेंट वाळताना स्वतःच आम्ल सोडतो. त्यापेक्षा फळीवर काच ठेवा किंवा पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म अंथरा. शंख आणि शिसं ओकच्या बंद कपाटात ठेवूच नका; त्यांना उघडी मांडणी बरी. नवं पॉलिश केलेलं कपाट तीन-चार आठवडे दारं उघडी टाकून सुकू द्या. चांदीसाठी सोपी परीक्षा अशी: घासून लख्ख केलेला एक चमचा बंद कपाटात आणि तसाच दुसरा बाहेर महिनाभर ठेवा. आतला जास्त काळवंडला, तर तिथे चांदी ठेवू नका. या परीक्षेत आम्लाची वाफ मात्र कळत नाही.

भोकं दिसली की एक तर घाबरणं, नाहीतर ती बुजवणं

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण. कडा काळपट असतील तर ती जुनी. आतलं लाकूड फिकट, ताजं आणि खाली बारीक भुसा असेल तर कीड चालू आहे. शंका असेल तर कपाटाखाली काळा कागद अंथरा, लाकडावर टिचक्या मारा, भुसा झाडून टाका आणि उबदार दिवसांत तीन आठवडे वाट पाहा. पुन्हा भुसा पडला, तर उपचार होईपर्यंत कपाट इतर लाकडापासून दूर ठेवा. आधीच भोकं मेणानं बुजवली असतील तर ही तपासणी फसते, कारण नवी-जुनी वेगळी ओळखता येत नाहीत.

किडलेली लहान लाकडी पेटी असेल तर कीड मारायला ती हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं. व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा रंगकाम असलेल्या वस्तूला हा उपाय करू नये.

एका खुणेवरून वय ठरवणं

फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३६ च्या सुमारास वापरात आले. ते दिसले म्हणून अख्खं कपाट नवं ठरत नाही, बिजागरी बदललेली असू शकते. खणाचे सांधे पाहा: हातानं कापलेले असतील तर थोडे कमीजास्त असतात. गोल टेबल दोन दिशांनी मोजा. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त आकसतं, त्यामुळे जुनं टेबल काही मिलिमीटरनं लंबगोल निघतं. तीन-चार खुणा जुळल्या तरच जास्त पैसे मोजा.

आल्याआल्या पॉलिश खरवडणं

आतल्या कोपऱ्यात कापसानं स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. ते बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं, खरवडायची गरज नसते. जुन्या रंगाच्या थरात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका.

उजेड आणि वजन

कापड, हस्तलिखित पत्रं आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. नुकसान साचत जातं: ५० लक्सचे दहा तास आणि ५०० लक्सचा एक तास यांचा परिणाम जवळपास सारखाच. म्हणून रुमाल तीन महिने मांडा, मग पेटीत ठेवून दुसरी वस्तू लावा. आत एलईडी लावाल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तापणारा भाग, कपाटाबाहेर ठेवा.

फळी वाकते ती लांबीच्या घनानुसार. तेवढंच वजन दुप्पट लांब फळीवर ठेवलं तर वाक आठपट होतो. मधोमध एक आधार दिला की बरंचसं काम होतं. जड वस्तू खाली ठेवा आणि कपाट वरच्या बाजूनं भिंतीला पट्टीनं बांधा. काचेच्या वस्तू घसरू नयेत म्हणून तळाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे (वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचे) छोटे गोळे लावा.

नोंद वस्तूवरच चिकटवणं

भेट कुणी, केव्हा आणि कशानिमित्त दिली हे लिहून ठेवलंच पाहिजे, पण सेलोटेपनं नव्हे. टेपचा गोंद पिवळा पडतो आणि डाग सोडतो. आम्लरहित कागदावर पेन्सिलनं लिहा, भेटीसोबत आलेली चिठ्ठी त्याच कागदाच्या पाकिटात घाला आणि पाकीट त्या वस्तूच्या खालच्याच खणात ठेवा. पाकिटाच्या मागे वस्तूचं छोटं रेखाचित्र काढलं, तर जागा बदलल्यावरही चिठ्ठी आणि भेट यांची ताटातूट होत नाही.