लहान गाडीसाठी जॅक घ्यायचा असंल तं टन नंतर पाहा, आधी उंची मोजा

सेकंडहँड अल्टो, वॅगनआर, सँट्रो घेणारे आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडं भरपूर आहेत. गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, कागदपत्रं पाहतात, पण डिक्कीतला मॅट उचलून जॅक आहे का नाही हे फार कमी लोकं पाहतात. अन मग पांदणीवर बाभळीचा काटा घुसला की कळते, जॅक एक तं गायबच आहे नाहीतर गंजून असा जाम झालाय की हलत पण नाही. अशा वेळेस नवीन घ्यायला तालुक्याच्या दुकानात गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न, भाऊ किती टनचा देऊ? आपण पण मोठा आकडा ऐकून खूश होतो, दोन टन द्या, तीन टन द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की टन सगळ्यात शेवटी पाहा.

काहून म्हणता? अल्टोचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, वॅगनआर-स्विफ्ट आठशे ते नऊशेच्या घरात, सीएनजीची टाकी असंल तं अजून शंभरेक किलो धरा. जॅक काही सगळी गाडी उचलत नाही, एक कोपरा उचलते, म्हणजे त्याच्यावर तिसरा हिस्सा किंवा त्याच्यापेक्षा थोडं जास्त वजन येते. एक टनचा चांगला जॅक लहान गाडीला भरपूर झाला. कंपनीकडून गाडीसोबत येणारा जॅक तं कधीकधी एक टनच्या पण खालचा असते अन तो त्या गाडीपुरता बरोबर असते.

अडचण येते उंचीची. टायर बसला की गाडी त्या बाजूनं खाली येते, अन गाडी खाली आल्यावर जेवढी जागा उरते तेवढ्या जागेत बंद केलेला जॅक शिरला पाहिजे. म्हणून घरी सपाट जागेवर, हवा भरायचा पंप जवळ असंल तेव्हाच, समोरच्या एका चाकाची हवा पूर्ण काढा. मग दाराच्या खाली हात घाला, तिथं पत्र्याची उभी धार लागते, चाकाच्या जवळ त्या धारेला दोन छोट्या खाचा असतात, त्या दोन खाचांच्या मधली जागा म्हणजे जॅक लावायची जागा. तिथून जमिनीपर्यंत टेपनं मोजा अन आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. समोरच्या चाकाचं यासाठी म्हटलं की इंजिनचं वजन तिकडं असते. कैचीचा जॅक, म्हणजे आडवा स्क्रू फिरवला की कैचीसारखा वर उघडणारा, पूर्ण बंद केला की साधारण 9-10 सेंटीमीटरचा होते, तो आरामात शिरते. हायड्रॉलिक बॉटल जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर चढणारा बाटलीसारखा उभा जॅक, दोन टनचा घेतला तरी बंद असताना 15 ते 18 सेंटीमीटरचा असते, अन इथंच लोकं फसतात, दुकानात हवा भरलेल्या गाडीखाली लावून पाहिला तं बसला, रस्त्यात बसलेल्या टायरवर शिरलाच नाही. ट्रॅक्टरचा जॅक घरी आहे तोच टाकू गाडीत म्हणणाऱ्यांनी पण हेच मोजून पाहावं, तो तं अजून उंच असते.

आता वरची उंची. गाडी उचलायला लागलं की चाक लगेच जमिनीवरून सुटत नाही, आधी शॉकर अन स्प्रिंग लांबते, बॉडी वर जाते पण चाक खालीच लटकून राहते. चार-पाच बोटं उचलून भागत नाही. त्यात बसलेला टायर काढला तेवढ्या जागेत हवा भरलेली स्टेपनी बसत नाही, तिला अजून जागा लागते. म्हणून जॅक पूर्ण उघडल्यावर 35 सेंटीमीटरच्या पुढं जात असंल तं बरं, कमी असंल तं घेऊ नका, मग कितीही टनचा असो.

तिसरी गोष्ट जॅकचं डोकं. ती जी पत्र्याची धार सांगितली ना, कैचीच्या जॅकच्या डोक्याला बरोब्बर तिच्यासाठी मधोमध फट असते. धार फटीत बसते अन वजन धारेच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर येते. बॉटल जॅकचं डोकं गोल अन सपाट, सगळं वजन त्या पातळ धारेवर, मग धार वाकते, रंग उडते, अन पावसाळ्यात तिथूनच गंज धरते. बॉटल जॅकच घ्यायचा असंल तं खाच पाडलेला रबरी गुटका वेगळा मिळते तो सोबत घ्या, पण गुटक्याची जाडी पण उंचीत मोजा. अजून एक, बॉटल जॅक डिक्कीत आडवा पडला की तेल गळते, आत हवा धरते अन वेळेवर चढत नाही. तो उभाच बांधून ठेवावा लागते, अन आपल्या रस्त्यांवर डिक्कीत कोणती वस्तू उभी राहते सांगा. माझ्या मते लहान गाडीत ठेवायला कैचीचाच जॅक बरा. ट्रॉली जॅक एकदम मस्त वस्तू आहे, चाकं असतात, दांडा हलवला की गाडी वर, पण वजनदार आहे, गॅरेजच्या पक्क्या फरशीसाठी आहे, पांदणीवर त्याची चाकंच रुतते. बारा व्होल्टचे इलेक्ट्रिक जॅक पण ऑनलाइन दिसतात, ते लायटरच्या सॉकेटवर चालतात, बॅटरी उतरली किंवा फ्यूज उडाला की हातानं फिरवायची सोय आहे का नाही ते पाहूनच विचार करा.

कैचीचा जॅक हातात घेतला की असा पाहा. पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, मधी कुठं अडकते का. आडवा स्क्रू डोळ्यासमोर सरळ धरा, थोडाही वाकलेला असंल तं परत द्या. खालच्या बुडापाशी दोन्ही पाय एकमेकांत दात्यांनी अडकलेले असतात, ते दाते दोन्हीकडं सारखे बसलेले पाहिजेत, एक जरी तुटलेला असंल तं वजन आल्यावर जॅक एका बाजूला कलते. कबाडीकडून जुना ओरिजिनल घेत असाल तं हे दाते अन पिना सगळ्यात आधी पाहा. तसा आपल्याच मॉडेलचा ओरिजिनल जुना जॅक चांगल्या हालतीत भेटला तं तो बाजारातल्या नवीन पातळ पत्र्याच्या जॅकपेक्षा केव्हाही चांगला, काहून की त्याची उंची, डोकं, अन डिक्कीतली बसायची जागा सगळं जुळलेलं असते.

दांड्याचं विसरू नका, हे लय जण विसरतात. कुठल्या जॅकला पुढं हूक असलेला दांडा लागते, कुठल्याला षटकोनी टोक असते ज्यात व्हीलपानाच बसते. जॅक घेतला अन दांडा दुसऱ्याचा, मग रस्त्यात काय फिरवाल? पाना पण तपासा, मारुतीच्या लहान गाड्यांना 19 मिलीमीटरचा लागते, ह्युंदाईला 21 चा.

आता आपल्या मातीचं. कैचीच्या जॅकचं बूड तळहाताएवढं असते. पावसाळ्यात काळ्या मातीत ते असं खचते की गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जाते, अन तिरपा झाला की निसटते. उन्हाळ्यात जमीन फाटलेली असते, बूड भेगेवर आलं तरी तोच धोका. डांबरी सडकेवर पण निर्धास्त राहू नका, मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 46-47 वर जाते तेव्हा डांबर मऊ पडलेलं असते. जॅकसोबत एक फूट बाय एक फूट, दीड इंच जाडीची लाकडाची फळी ठेवाच. आरामशीनवर तुकडा मिळून जाते, ट्रॉलीच्या जुन्या फाळक्याचा पण चालते, प्लायवूड नको, ते फाटते. फळीचा दीड इंच पण त्या खालच्या उंचीतून वजा करा, म्हणून तं कैचीचा 9-10 सेंटीमीटरवाला कामात येते. दगड-विटांच्या थप्पीवर जॅक ठेवू नका, वीट वजनानं फुटते.

लावायच्या आधी हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून गोटे लावा, लेकरंबाळं खाली उतरवून धुऱ्याकडं उभी करा. नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग उचला. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटलाच तं गाडी चाकावर येईल. अन जॅक लावलेल्या गाडीखाली कोणीच शिरायचं नाही, सायलेन्सर पाहतो एका मिनिटात, असं म्हणून पण नाही. हे जॅक फक्त चाक बदलायला आहेत.

स्क्रूला वर्षातून एकदोनदा, पावसाळ्याच्या आधी तं नक्की, ग्रीस लावा. जुनं ग्रीस मातीनं घट्ट झालेलं असते ते आधी डिझेलच्या फडक्यानं पुसा, त्याच्यावरच नवीन फासू नका. डिक्कीतल्या साच्यात घट्ट बसवून ठेवा, साच्यात बसत नसंल तं सुतळीनं बांधा, नाहीतर आदळून आदळून स्क्रू वाकते.

अन बिल फाडून टाकू नका. घरी आल्यावर त्याच दिवशी चारही कोपऱ्यात जॅक लावून पाहा, एक चाक काढून स्टेपनी बसवून पाहा, घरातले जे जे गाडी चालवतात, वहिनी असो की कॉलेजची पोरगी, त्यांच्या हातून पण एकदा करून घ्या. स्टेपनीत हवा आहे का ते पण तेव्हाच दिसते. जॅक बसत नसंल तं दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात नेऊन बदलून घ्या, स्क्रूला माती लागली की दुकानदार परत घेत नाही.